वेळेत बाहेर पडणारा माणूस

नोव्हेंबर 2021. पावसाने चेन्नईला झोडपून काढलंय आणि अण्णा नगरच्या थर्ड अव्हेन्यूवर तुम्ही पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन चालताय. तुम्ही पुढच्या काळातून आलेले आहात. इथे काय होणार आहे ते तुम्हाला तारखेसकट ठाऊक आहे. ते नीट लक्षात ठेवा, कारण अर्ध्या तासात त्याचा काही उपयोग उरणार नाही.

भोळ्याभाबड्यांना कुणीतरी गंडवलं, अशा बातम्या वाचायची सवय असेल तर तुम्ही चुकीच्या पत्त्यावर आलात. अण्णा नगर हा तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने आखून वसवलेला भाग. सरळ रस्ते, आकड्यांनी ओळखले जाणारे अव्हेन्यू, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. इथे डॉक्टर राहतात, इंजिनिअर राहतात, निवृत्त अधिकारी राहतात. जरा पुढे गेलात की यूपीएससीच्या क्लासचे फलक सुरू होतात. गेल्या परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींचे चेहरे ओळीने हसतायत. तमिळनाडूच्या खेड्यापाड्यांतून हुशार पोरं इथे खोल्या घेऊन राहतात आणि पहाटेपासून चलनवाढ, रेपो दर, बँकांची थकीत कर्जं घोकतात. अर्थशास्त्राची इतकी दाट वस्ती देशात फार ठिकाणी नसेल.

तुम्ही एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जाता. दार उघडणारे गृहस्थ सत्तरीचे. शेजारपाजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात, कारण ते तंजावरी मराठी. पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची, कानाला क्षणभर परकी आणि लगेच आपली वाटणारी. आयुष्य बँकेत गेलं. कर्जाचे अर्ज तपासणं हे त्यांचं काम होतं. बाई आतून डवरा-टंबलरमध्ये फिल्टर कॉफी आणून ठेवतात.

विषय तुम्हाला काढावा लागत नाही. तेच काढतात.

शेनॉय नगर ओलांडलं की अमिंजिकरै. तिथे आरुद्रा गोल्ड ट्रेडिंग नावाच्या कंपनीचं मुख्य कार्यालय आहे. 2020 च्या सप्टेंबरपासून ती ठेवी घेतेय. परतावा 10 पासून 30 टक्क्यांपर्यंत. वर्षाला नव्हे, महिन्याला.

“यात काहीतरी गडबड असणार,” तुम्ही म्हणता.

“मलाही तसंच वाटलं होतं,” ते शांतपणे म्हणतात. “चाळीस वर्षं बँकेत काढली, मला कळत नाही का? म्हणून पहिल्यांदा एकच लाख ठेवला. गेला तर गेला म्हणून.” मग ते उठतात, कपाटातून पासबुक आणतात आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेका ओळीवर बोट ठेवतात. पैसे जमा झालेत. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. “आता बोला.”

तुम्हाला बोलता येत नाही. नोंदी खऱ्या आहेत, बँकेचा शिक्का खरा आहे, त्या पैशांतून आलेला नवा फ्रिज स्वयंपाकघरात गुरगुरतोय. कागदोपत्री पुरावा मागून माणूस शहाणा ठरतो, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे पुरावा आहे. तोच तर सापळा आहे. ज्या दिवशी पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी रायर गुंतवणूकदार राहिले नाहीत, साक्षीदार झाले. मेहुण्याला त्यांनी स्वतः सांगितलं. मेहुण्याने त्याच्या ऑफिसातल्या चौघांना. त्या चौघांपैकी कुणालाही कंपनीच्या एजंटाने फोन केला नव्हता. ज्याच्यावर एरवीही विश्वास ठेवला असता अशा माणसानेच त्यांना सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता.

तुम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गणित मांडता. समजा शंभर जणांनी एकेक लाख ठेवले आणि कंपनीने त्या पैशांतून काहीही कमावलं नाही. पहिल्या महिन्याचे 30 टक्के द्यायला 30 लाख हवेत, म्हणजे 30 नवी माणसं. पुढच्या महिन्यात देणं 130 जणांचं, म्हणजे आणखी 39. मग 51. दर महिन्याला गर्दी 1.3 पट झाली पाहिजे, नाहीतर हप्ता चुकला. वर्षअखेरीस 2,330 माणसं लागतात. दोन वर्षांनी 54 हजार. तीन वर्षांनी साडेबारा लाख. चार वर्षांनी जवळजवळ तीन कोटी, आणि 2011 च्या जनगणनेत अख्ख्या तमिळनाडूची लोकसंख्या होती 7.21 कोटी. पाचव्या वर्षाच्या शेवटी 68 कोटी. तेवढ्या माणसांना भरायला अमिंजिकरैत जागा नाही.

रायर ती आकडेमोड बघतात. त्यांना ती समजते. लगेच समजते, बँकेतला माणूस.

“बरोबर आहे,” ते म्हणतात. “पण पाच वर्षं थांबायचंय कुणाला?”

आणि इथे, कॉफीचा शेवटचा घोट घेताना, तुमच्या डोक्यात एक चोरटा विचार शिरतो. आज नोव्हेंबर आहे. पोलिसांचे छापे पडणार आहेत 24 मे 2022 ला. हे चेन्नईत तुम्हा एकट्यालाच माहीत आहे. आता एक लाख ठेवले तर डिसेंबर ते मे सहा हप्ते, 1 लाख 80 हजार. मुद्दल बुडालं तरी 80 हजार वर. एप्रिलमध्येच बाहेर पडलात तर डोकेदुखीही नाही. तुम्ही मूर्ख नाही आहात. तुम्हाला सगळं माहीत आहे. म्हणूनच तर...

खिडकीतून खाली बघा. कोपऱ्यावर मोगऱ्याचे गजरे विकणारी एक बाई पाण्यातून टोपली वाचवत उभी आहे. तिला अजून आरुद्राचं नाव माहीत नाही. मार्चमध्ये तिला ते कुणीतरी सांगेल, बहुधा वरच्या मजल्यावरचंच कुणीतरी, आणि ती कानातलं गहाण टाकून पैसे भरेल. तुमचा एप्रिलचा हप्ता तिचा असेल. दुसरा कुणाचा असूच शकत नाही; कंपनीकडे कमाई नावाची गोष्ट नाही, हे आत्ताच तुम्ही स्वतः कडेवर लिहिलंत.

अशा योजनांविषयी बोलताना आपण दोनच पात्रं रंगवतो, एक भामटा आणि एक भोळा. मला विचाराल तर या योजनांना खरं बळ देतो तो तिसरा: ज्याला कळलेलं असतं आणि जो वेळेत बाहेर पडायचं ठरवून आत शिरतो. त्याच्या शिरण्यानेच योजनेला वजन येतं. ‘अमुक साहेबांनीसुद्धा ठेवलेत’ हे वाक्य त्याच्याशिवाय तयार होत नाही. आणि तो बाहेर पडतो का? 1720 च्या लंडनमध्ये साउथ सी कंपनीचे शेअर आकाशाला भिडत होते, तेव्हा त्यात गुंतलेल्या एका गृहस्थाने वेळेत विकून चांगला नफा कमावला. शेअर तरीही चढतच राहिले. शेजारी श्रीमंत होताना बघवेना, म्हणून तो वरच्या भावात पुन्हा शिरला आणि तिथे मोठी रक्कम घालवून बसला. गृहस्थाचं नाव आयझॅक न्यूटन. गणित कच्चं असल्याचा आरोप त्याच्यावर करता येत नाही.

तुम्ही रायरांचा निरोप घेता. जिना उतरताना पायाखालची पायरी नाहीशी होते.

सप्टेंबर 1906. अण्णा नगर नाही. नडुवक्करै नावाचं गाव आहे, शेतं आहेत, तळी आहेत. शहर इथून दूर, पूर्वेला, समुद्राच्या काठी. बैलगाडीतून धक्के खात तुम्ही तिकडे पोचता, फर्स्ट लाइन बीच रस्त्यावर. इथे गोऱ्यांच्या व्यापारी पेढ्या ओळीने उभ्या आहेत. मद्रासेत तीन नावं घ्यायची: पॅरी, बिनी आणि आर्बथनॉट.

आर्बथनॉट आणि कंपनी ही पेढीही आहे आणि बँकही. इथे ठेव ठेवली तर सरकारी रोख्यांपेक्षा चांगलं व्याज मिळतं. महिन्याला 30 टक्के वगैरे काही नाही. वर्षाला थोडंसं जास्त, सभ्य माणसाला शोभेल इतकंच. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण हाव म्हणावी असं इथे काही दिसत नाही. काउंटरवर पगडीवाले वकील आहेत, पेन्शनीत निघालेले मुन्सफ आहेत, जमीनदारांचे कारभारी आहेत, धाकट्या दिराला पाठवून दुरून बघत थांबलेल्या विधवा आहेत. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज आर्बथनॉट. नाइटहूड मिळालेले, मद्रासच्या व्यापारी जगातलं पहिलं नाव.

तुम्ही एका निवृत्त मुन्सफाशेजारी बसता आणि हळूच सांगता, पैसे काढून घ्या, पुढच्या महिन्यात ही पेढी बुडणार आहे.

ते तुमच्याकडे आधी कीव आल्यासारखं बघतात, मग रागाने. “तुम्ही कोण?”

प्रश्न वाजवी आहे. तुमच्याकडे उत्तर नाही. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी, सर ही पदवी, संगमरवरी काउंटर. दुसऱ्या बाजूला अनोळखी माणसाची कुजबुज. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही शिपायाला बोलावलं असतं. शिपाई येतो आणि तुम्हाला बाहेर काढतो. खरी माहिती असणं आणि ती पटवता येणं यांत केवढं अंतर आहे ते तुम्हाला मद्रासच्या भर दुपारी, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात उभं राहून कळतं.

22 ऑक्टोबर, सोमवार. पेढीचं दार बंद. दोन दिवसांपूर्वी लंडनमध्ये पेढीचा भागीदार पॅट्रिक मॅकफॅडियनने आगगाडीखाली जीव दिला. लंडनची बाजू तो सांभाळत होता आणि मद्रासचे पैसे तिकडे सट्ट्यात मुरत होते. पेढी आतून कधीचीच पोकळ झालेली होती. नव्या ठेवींवर जुनं व्याज निघत होतं. गर्दीत तुम्हाला तो मुन्सफ दिसतो. तो तुम्हाला ओळखत नाही, किंवा ओळखूनही तोंड फिरवतो.

पुढचं भराभर बघा, कारण त्यात एक दुर्मीळ गोष्ट आहे. सर जॉर्जवर खटला चालतो आणि त्यांना 18 महिन्यांची सक्तमजुरी होते, गोऱ्या साहेबाला, नेटिवांच्या ठेवी बुडवल्याबद्दल, 1907 साली. ठेवीदारांच्या बाजूने झटणारे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर म्हणतात की आपली बँक आपणच काढू. 15 ऑगस्ट 1907 ला इंडियन बँकेचं काम सुरू होतं. ती बँक आजही आहे. लोक फसले, खडबडून उठले, आणि रडत न बसता त्यांनी एक टिकाऊ संस्था उभी केली. असं फार वेळा होत नाही. बहुतेक वेळा लोक फसतात आणि पुढची योजना शोधतात.

पुन्हा अण्णा नगर, 1968. शेतांच्या जागी आता रोषणाई आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरलंय आणि त्यासाठी 135 फुटांचा मनोरा बांधलाय. आत नागमोडी चढण आहे, वरून सगळं मद्रास दिसतं. मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुरै, या वस्तीला त्यांचंच नाव मिळणार आहे. बुद्धिवादी चळवळीतून आलेला माणूस, अंधश्रद्धेवर तुटून पडणारा पक्ष. याच वर्षी त्यांचं सरकार राज्याची लॉटरी सुरू करतं. लागली तर तुमच्या घराला, नाही लागली तर राज्याला, असा तिचा युक्तिवाद. पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, महाराष्ट्रही आपली लॉटरी काढतो; तेव्हा हसू नका. तमिळनाडूने 2003 च्या जानेवारीत लॉटरी बंद केली. आपली चालू आहे. लॉटरी ही फसवणूक नव्हे, हे मान्य. आकडे उघड असतात, सोडत जाहीर असते. पण देवाला कौल लावणं मूर्खपणाचं आणि सरकारी तिकिटाला कौल लावणं विकासाचं, हा भेद त्या मनोऱ्याच्या टोकावरूनही मला दिसत नाही.

1997 मध्ये फार वेळ थांबू नका. फक्त रविवारचं वर्तमानपत्र उघडा. पानभर सागवान. अनुभव प्लॅन्टेशन्स ही चेन्नईची कंपनी लोकांना सागाच्या झाडांत भागीदारी विकतेय, आणि महाराष्ट्रातही अशा सागवान योजनांच्या जाहिराती जोरात आहेत. कल्पना मोहक आहे: तुम्ही झोपलात तरी झाड वाढतं. पुढच्या वर्षी कंपनी कोसळते, शेकडो कोटी रुपये अडकतात. फायनान्स कंपन्यांच्या अशाच पडझडीतून तमिळनाडूने 1997 मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला. महाराष्ट्राने त्याच धर्तीचा कायदा 1999 मध्ये केला, तोच आपल्याकडे एमपीआयडी म्हणून ओळखला जातो. तमिळनाडूच्या कायद्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणजे कायदा होता. आरुद्राच्या पंचवीस वर्षं आधीपासून होता. यूपीएससीच्या क्लासात तो शिकवतही असतील.

24 मे 2022. अमिंजिकरै. ऊन भाजतंय. आर्थिक गुन्हे शाखेचे पोलीस आत गेलेत आणि रस्त्यावर माणसं जमू लागलीत. गजरेवाली बाई तुम्हाला दिसते. आज तिच्या हातात टोपली नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला करारनामा आहे. तमिळ तिला वाचता येतं, करारनामा इंग्रजीत आहे.

पुढच्या काही महिन्यांत पोलीस आकडा सांगतील: 1,09,255 ठेवीदार, 2,438 कोटी रुपये. माणशी सरासरी सव्वादोन लाख. त्याच सुमाराला शेजारच्या किल्पॉकची हिजाऊ असोसिएट्स नावाची कंपनी पोलिसांच्या नोंदीत येते, महिन्याला 15 टक्क्यांचं आश्वासन. वेल्लोरची आयएफएस येते, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तिथला आकडा याहूनही मोठा, सुमारे 6,000 कोटी. एकाच राज्यात, एकाच काळात. कोविडची दोन वर्षं नुकती सरलेली, बँकेतल्या ठेवीचं व्याज पाच-साडेपाच टक्क्यांवर आलेलं, आणि नोकरी गेलेले कितीतरी जण एजंट होण्यासाठी मोकळे. जमीन तयार होती.

आता रायरांना शोधा. ते गर्दीत नाहीत. घरी आहेत, पंख्याखाली, पासबुक कपाटात. पहिल्या लाखाचे त्यांना सुटले होते, मग त्यांनी निवृत्तीच्या पैशांतले दहा ठेवले. मेहुण्याने बोलणं सोडलंय. तुम्ही विचारता, तक्रार केलीत का?

“कुठल्या तोंडाने करू?” ते म्हणतात. “बँकेतला माणूस मी. ते विचारतील, तुम्हाला कळलं नाही का? काय सांगू, कळलं होतं म्हणून?”

तुमच्याकडे याही प्रश्नाचं उत्तर नाही.

तरी हे सौम्य म्हणायचं. जानेवारी 2024 मध्ये कोइमतूरजवळच्या नीलांबूरला जा. मोबाइलवर जाहिराती बघा आणि पैसे कमवा, अशी योजना चालवणाऱ्या मायव्हीथ्री अ‍ॅड्स या कंपनीवर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाय. हजारो सभासद एकत्र आलेत. कंपनीविरुद्ध नव्हे, कंपनीच्या बाजूने. पोलिसांनी आमच्या कमाईत खोडा घातला, हा त्यांचा राग. तुम्हाला वाटेल हा वेडेपणाचा कळस. पण त्यांच्या जागी उभे राहून बघा: ज्याने नुकतेच पैसे भरलेत आणि ज्याचे हप्ते अजून यायचेत, त्याच्या दृष्टीने कंपनी जितकी जास्त दिवस टिकेल तितकं चांगलं. बुडत्या जहाजाचं भोक बुजवायला तो धावतोय, कारण त्याचं सामान आत आहे. मूर्खपणाला स्वतःचं एक काटेकोर तर्कशास्त्र असतं, आणि आतून बघितलं तर ते चुकत नाही.

एव्हाना आपल्याकडच्या वाचकाने नाक मुरडलेलं असेल, की तमिळ माणूस सोन्याच्या नादाने गेला. मग तमिळनाडूतल्याच पेरुंदुरैच्या इमू फार्मची आठवण काढा. 2012 मध्ये तो फुगा फुटला, आणि त्याच सुमाराला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या आवारातही इमू उभे होते; पक्षी खायचा म्हटलं तरी त्याला गिऱ्हाईक नव्हतं. त्यानंतर सात वर्षांनी, 2019 मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमधून कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण बाहेर आलं. इमू बघितलेल्या लोकांनीच कडकनाथ घेतले, कारण कोंबडी म्हणजे इमू नव्हे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. आणि 2025 च्या जानेवारीत दादरला टॉरेसच्या शोरूमबाहेर उभे राहा. मॉयसनाइट नावाचे चमकते खडे, त्यावर आठवड्याला व्याज. आठवड्याला! भाजीवाले, छोटे दुकानदार, नोकरदार रस्त्यावर उभे आहेत. काचेपलीकडे दिवे अजून लागलेले आहेत. मराठी, गुजराती, हिंदी, सगळ्या भाषांत एकच वाक्य ऐकू येतं: गेल्या आठवड्यापर्यंत येत होते हो पैसे.

अर्थात येत होते. अमिंजिकरैतही येत होते, 1906 च्या फर्स्ट लाइन बीचवरही येत होते. बॉस्टनमध्ये 1920 साली चार्ल्स पॉन्झी 45 दिवसांत 50 टक्के नफा देत होता, तेव्हा तिथेही येत होते. ‘पैसे मिळतात का?’ हा प्रश्न अशा योजनेला विचारूनच उपयोग नाही, कारण कोसळायच्या आदल्या दिवसापर्यंत त्याचं उत्तर ‘हो’ असतं. ‘माझा हप्ता कुणाच्या खिशातून येतो?’ हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. रायरांनाही त्याचं उत्तर माहीत होतं, आणि तुम्हालाही, कॉफी पिताना.

तुमचा प्रवास इथे संपतो. मनोरा बरीच वर्षं बंद होता, 2023 मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडलाय. चेन्नईला गेलात तर अण्णा नगर टॉवर स्थानकावर मेट्रोतून उतरा आणि वर जाऊन या. गजऱ्यासाठी सुट्टे पैसे जवळ ठेवा.

आणि घरी परतल्यावर एक काम करा. तुमच्या नात्यात, सोसायटीत किंवा जुन्या ऑफिसात अशा योजनेत पैसे अडकलेला आणि लाजेने गप्प बसलेला एक तरी माणूस असेल. शिकलेला असेल तर नक्कीच गप्प असेल. एमपीआयडी कायद्याखाली जप्त झालेली मालमत्ता विशेष न्यायालयाच्या देखरेखीखाली विकली जाते आणि पैसे ठेवीदारांमध्ये वाटले जातात. ज्याचा दावा नोंदलेला नाही त्याचं नाव त्या यादीत येत नाही. त्याला ‘तुला कळलं नाही का?’ असं विचारू नका. पावत्या, करारनामा आणि बँकेचा उतारा घेऊन त्याच्याबरोबर आर्थिक गुन्हे शाखेत जा आणि जबाब पूर्ण होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.